बंद कारखान्याजवळच्या बोअरला डिझेलचा वास येतोय? अर्ज कुठे आणि कसा करायचा

नाशिकच्या सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक पट्ट्यात एखादा कारखाना बंद पडतो, शेड पाडली जाते, पण जमिनीखालची डिझेलची टाकी आणि तिची पाइपलाइन तिथेच राहिलेली असू शकते. ती गळत असेल तर आधी कळतं ते शेजारच्या बोअरवाल्याला. पाण्याला वास येतो, बादलीवर रंगीत तवंग धरतो. ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं लगेच थांबवा. उकळून ते सुरक्षित होत नाही, उलट वाफ घरात पसरते. आणि वास पहिल्यांदा कधी आला ती तारीख लिहून ठेवा, पुढे तिला कायद्यात किंमत आहे.

अर्ज कोणीही करू शकतं. मालक, भाडेकरू, सोसायटी, शेतकरी, कोणीही. बंद कारखान्याच्या जागेशी तुमचा कागदोपत्री संबंध असण्याची गरज नाही.

अर्ज एकाच दिवशी दोन ठिकाणी द्या. पहिला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात, म्हणजे सातपूरला आयटीआयजवळच्या उद्योग भवनात. 1974 च्या जल कायद्यात ‘प्रवाह’ या व्याख्येत भूगर्भातलं पाणीही येतं, त्यामुळे ‘हे नदी-नाल्याचं प्रकरण नाही’ हे उत्तर मान्य करू नका. कलम 21 नुसार नमुने घेण्याचा अधिकार मंडळाला आहे. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत महापालिका आयुक्तांना. 2025 मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम आले, Environment Protection (Management of Contaminated Sites) Rules, 2025. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन नागरिकांच्या तक्रारीवरून एखादी जागा ‘संशयित दूषित’ म्हणून नोंदवू शकतं. नोंद झाल्यावर प्राथमिक तपासणीला 90 दिवस, नंतर सविस्तर सर्वेक्षणाला आणखी 90 दिवस, अशी मुदत आहे. अर्जात या नियमांचा उल्लेख नावानिशी करा. दोन्हीकडून आवक क्रमांकाची पोचपावती घ्या.

सोबत जोडा: ओळखपत्र, बोअरच्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका (भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र), बोअरची खोली, कारखाना आणि बोअर दाखवणारा हाती काढलेला नकाशा, तारखेसह फोटो, आणि असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात मागायचं काय. ‘पाणी तपासावं’ एवढंच लिहिलंत तर एक नमुना घेतला जाईल, आणि तो पावसाळ्यानंतरचा असला तर निर्धोकही निघू शकेल. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या माथ्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढली की त्यातलं बरंचसं मुरमात आणि कातळाच्या भेगांत पाण्याखाली अडकतं, विरघळलेला भागही पातळ होतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की तोच थर पुन्हा विहिरीत दिसू लागतो. म्हणून एका ऑक्टोबरच्या स्वच्छ अहवालावर प्रकरण मिटू देऊ नका. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची (फक्त पाणी मोजायला-तपासायला ठेवलेल्या विहिरींची) पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच चार वेळा नमुने मागा, निदान मे आणि ऑक्टोबरचे तरी. प्रवाहाची दिशा कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, त्यातली एक जागेच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून येतं त्या बाजूला हवी. आपल्याकडे पाणी भेगांतून धावतं, त्यामुळे जवळची विहीर कोरी आणि दूरची बाधित असंही होऊ शकतं. निरीक्षण विहिरीची जाळी, म्हणजे पाइपचा पाणी आत घेणारा भोकांचा भाग, भूजल पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे असावी. जाळी पूर्ण खोल असली तर वरचा थर नमुन्यात येतच नाही.

स्वतः तपासणी करणार असाल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली, डिझेलच्या हायड्रोकार्बनची चाचणी करणारी प्रयोगशाळा निवडा. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या चाचणीत हे धरलेलं नसतं. बाटल्या काचेच्याच, प्रयोगशाळेने दिलेल्या, बर्फात ठेवून पोचवायच्या. प्लास्टिकची बाटली तेल शोषून घेते. तुलनेसाठी मर्यादा आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची: खनिज तेल लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम.

टाकी कुठे होती हे माहिती अधिकारातून मिळवा. प्रदूषण मंडळाकडे कारखान्याची संमतीपत्रं (मंडळाने कारखाना चालवायला दिलेल्या परवानग्या) असतात, आणि साठ्याला परवाना लागला असेल तर त्याचे नकाशे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे. फी 10 रुपये. राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्राच्या कार्यालयाला पोस्टल ऑर्डर द्या. उत्तराची मुदत 30 दिवस.

कुणीच हललं नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी 1,000 रुपये. न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम 14 खाली मुदत सहा महिने, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. ही मुदत वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून मोजतात, मंडळाच्या उत्तरापासून नाही. भरपाई आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याच्या मागणीला कलम 15 खाली पाच वर्षं मिळतात.