जाईचा शेंडा पिवळा पडतो तेव्हा

ऐन पावसाळ्यात गच्चीवरची जाई जोमाने वाढते आणि नेमके तिचे शेंडे फिके पडू लागतात. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यांवर शिरांची हिरवी जाळी. खालची जुनी पानं मात्र गर्द हिरवीच. अशा वेळी बहुतेक घरांत मूठभर खत किंवा चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) पडतं, आणि बहुतेकदा ते वाया जातं.

आधी बघायचं ते एवढंच, की पिवळेपणा कुठून सुरू झाला. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम वेल जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते, म्हणून त्यांची टंचाई खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर अख्खं पान सारखंच फिकटतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोहाचं तसं नाही. एकदा एका पानात बसलं की ते सहसा तिथून हलत नाही, त्यामुळे कमी पडलं की फटका बसतो शेंड्याला. हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते तयार व्हायला लोह लागतंच. टंचाई वाढली की शिराही फिकटतात, पान कागदासारखं पांढरं होतं आणि कडा करपतात. उसावर हेच दिसलं की शेतकरी म्हणतात, ‘केवडा पडला’.

खरं तर मातीत लोह भरपूर असतं. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची, आणि बेसॉल्टमध्ये लोहाला तोटा नाही. पण चुनखडीच्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो. तिथे लोह गंजासारख्या न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं आणि मुळं उपाशी राहतात. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. कुंडीचं भोक बुजून पाणी तुंबलं की अशा मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि ते मुळांना लोह मिळू देत नाही, म्हणून भर पावसातही पानं पिवळी पडतात. अंड्याची टरफलं आणि प्लास्टरचा चुरा यांतून चुनाच मिळतो. फुलं यावीत म्हणून वारंवार घातलेल्या डीएपी खतातलं स्फुरदही (फॉस्फरस) लोहाच्या वाटेत येतं.

माती कोरडी करून तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुना आहे. पण खात्रीची चाचणी पानावरच होते. जाईचं एक पान म्हणजे साधारण ५ ते ९ पर्णिका, म्हणजे एकाच देठावरची छोटी पानं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा. पिवळ्या पानाच्या फक्त एका बाजूच्या पर्णिकांना हे पाणी ब्रशने लावा. आठ-दहा दिवसांत तेवढ्याच हिरव्या झाल्या आणि समोरच्या पिवळ्याच राहिल्या, तर निदान पक्कं.

मग हेच द्रावण संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पानांवर फवारा, १५ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. हिराकस फिकट हिरवी हवी. तपकिरी झालेली निकामी समजा. द्रावण त्याच दिवशी संपवा, आणि फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. चुनखडीच्या मातीत नुसती हिराकस ओतून उपयोग नाही, तीही लगेच गंजून अडकते. मातीसाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, घ्यावं: १२ इंची कुंडीला २ ग्रॅम, २ लिटर पाण्यातून. स्वस्त ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह सामू ६.५ च्या वर गेला की टिकत नाही. ते फवारणीला ठीक.

हे सगळं करण्याआधी कुंडीचं भोक मात्र मोकळं करा. मुळं तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची झाली असतील तर कुठलंही लोह आत जाणार नाही. करपलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, तेव्हा उपाय लागू पडला का ते नव्या फुटीवरून ठरवा.

दरवर्षी हीच तक्रार असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या छाटणीबरोबर माती बदला. दोन भाग कोकणातली लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेलं शेणखत. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते या कुंडीसाठी राखून ठेवा.