चौकोन उलटाही काढून बघा

"मामा, रोबो बिघडलाय. सरळ जा म्हटलं तरी डावीकडेच सरकतो."

भाचीने दोन चाकांचा छोटा शिकाऊ रोबो नुकताच हाताळायला घेतला होता. तिचा प्रोग्रॅम मी वाचला, त्यात एकही चूक नव्हती. दोन्ही मोटरींना सारखीच शक्ती, चार सेकंद, मग थांब. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात एक समजूत पक्की बसलेली असते: संगणक सांगितलेलं तंतोतंत करतो, म्हणजे रोबोही करणारच. संगणकाने इथेही सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. शक्ती सारखीच दिली होती. पण सारखी शक्ती दिली म्हणून चाकं सारखी फिरतात असं नाही. एकाच घाण्यातून निघालेल्या दोन मोटरींमध्येही घर्षण कमीजास्त असतं, गिअरचे दाते थोडे वेगळे बसतात.

हा फरक केवढा महाग पडतो ते बघा. दोन चाकांमधलं अंतर १० सेंटिमीटर धरू. डावं चाक १०० सेंटिमीटर गेलं आणि उजवं १०१, तर रोबो १ भागिले १०, म्हणजे ०.१ रेडियन वळतो. जवळजवळ ६ अंश! एका मीटरनंतर तो सरळ रेषेपासून सुमारे ५ सेंटिमीटर बाजूला असतो. तीन मीटरनंतर मात्र १५ नव्हे, सुमारे ४५ सेंटिमीटर, कारण प्रत्येक पावलागणिक वळण्याचा कोनही वाढतच जातो.

यावरचा उपाय अनेक शिकाऊ रोबोंमध्ये बसवलेलाच असतो. त्याचं नाव एन्कोडर. चाक किती फिरलं ते तो मोजतो. दर काही मिलिसेकंदांनी दोन्ही आकडे ताडून बघायचे आणि जे चाक पुढे गेलं असेल त्याची शक्ती थोडी कमी करायची. सहा-सात ओळींचं काम. भाचीने ते केलं आणि रोबो सरळ जाऊ लागला, निदान डोळ्यांना तरी.

मग आला चौकोन. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं, पोटात पेन असलेलं यांत्रिक कासव आलं. 'पुढे १००, डावीकडे ९०' हे चार वेळा सांगितलं की चौकोन होतो. फेरी पुरी करून कासव पुन्हा पहिल्याच दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर ते एकूण ३६० अंश वळलेलं असतं. चौकोन, षटकोन, स्वतःलाच न छेदणारी कुठलीही आकृती काढा, हा हिशोब चुकत नाही.

रोबोला जागच्या जागी ९० अंश वळवायचं तर एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवायचं. किती? चाकांमधल्या अंतराला चाकाच्या व्यासाने भागा आणि ९०ने गुणा. चाकाचा व्यास ६.५ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं साधारण १३८.५ अंश. दोन्हीकडे वर्तुळंच असल्यामुळे पाय (π) परस्पर छेदला जातो. मला हे समीकरण फार आवडतं.

भाचीने डावी वळणं घेत एक मीटर बाजूचा चौकोन काढला. सुंदर मिटला. मग तिने तोच उजवी वळणं घेत काढला, आणि शेवटची रेघ भलतीकडेच गेली. "याला उजवीकडे वळायला आवडतच नाही," ती म्हणाली. लहान मुलीचं सोडा, मोठी माणसंही यंत्राला हट्टी म्हणतात, कुणाच्या तरी हातगुणाला दोष देतात. खोक्यावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असं ठळक छापलेलं असतं, त्याने या समजुतीला खतपाणीच मिळतं. रोबोला मन नाही. चूक दर वेळी त्याच बाजूला होत असेल तर तिचं कारण मोजता येतं.

आणि इथे कारणं दोन होती. पहिलं, उजवं चाक किंचित मोठं होतं. एन्कोडर फेरे मोजतो, अंतर नाही. दोन्ही चाकांचे फेरे अगदी सारखे झाले तरी मोठं चाक जास्त जमीन कापतं. व्यासात केवळ ०.१७ मिलिमीटर फरक असला तरी एक मीटरच्या बाजूवर रोबो सुमारे १.५ अंश डावीकडे झुकतो. दुसरं, चाकांमधलं खरं अंतर १० नव्हतं, १०.१७ सेंटिमीटर होतं. टायर रुंद असतो. तो नेमका कुठे टेकतो ते पट्टीने कळत नाही. त्यामुळे प्रत्येक वळण ९० ऐवजी ८८.५ अंशांचंच होत होतं.

आता दोन्ही एकत्र करा. डावीकडे वळत जाताना प्रत्येक कोपऱ्यात १.५ अंश कमी पडतात, पण बाजूवरचा डावा झुकाव तेवढेच अंश भरून काढतो. बेरीज ९०! दोन चुका एकमेकींना झाकतात आणि चौकोन मिटतो. उजवीकडे वळत जाताना कोपऱ्यात १.५ अंश कमी पडतात आणि डावा झुकाव आणखी १.५ खातो. उरतात ८७. चार कोपऱ्यांत १२ अंशांची तूट.

मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९०च्या दशकात याच निरीक्षणावर एक चाचणी बेतली. चार मीटर बाजूचा चौकोन पाच वेळा एका दिशेने, पाच वेळा दुसऱ्या दिशेने. रोबो परत नेमका कुठे येतो ते मोजायचं. घरी कोनमापक पुरतो. पेन दोन चाकांच्या बरोबर मध्ये लावा, नाहीतर कोपऱ्यांत वाकड्या रेघा उमटतात. रोबोला पाचवी बाजूही काढायला लावा आणि पहिल्या व पाचव्या रेघेतला कोन मोजा. कोपऱ्यातली तूट 'क' आणि बाजूवरचा झुकाव 'ख' मानला, तर एका दिशेला कोन ४(क − ख) येतो, दुसऱ्या दिशेला ४(क + ख). शाळेतली दोन समीकरणं. बेरजेतून चाकांमधलं अंतर सुधारतं, वजाबाकीतून चाकांच्या व्यासांचं गुणोत्तर.

भाचीने हे दोन आकडे बदलले आणि दोन्ही दिशांनी पाच-पाच फेऱ्या काढल्या. रेघा अजूनही एकमेकींवर चढत नाहीत, काही मिलिमीटर इकडे-तिकडे पडतात. पण आता त्या दोन्ही बाजूंना पडतात. धुळीवरून घसरलेलं चाक, फरशीची सांध. ही चूक आकडे बदलून जात नाही, तिच्यासाठी रोबोला बाहेर बघावं लागतं. त्याला बघून चालता यावं म्हणून भाची सध्या जमिनीवर काळी पट्टी चिकटवते आहे.