कान्हेरीचं कमळ, गाऱ्यावरची शेवंती

कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात बुद्ध कमळावर बसले आहेत आणि त्या कमळाचा देठ खाली नागांनी धरला आहे. पहिल्यांदा पाहताना माझी नजर बुद्धांवरून हटून त्या देठावरच खिळली. नुसती नक्षी हवी असती तर फूल पुरलं असतं. पण चिखलातून वर येऊनही पाणी अंगाला लागू न देणारं फूल सांगायचं, तर देठही कोरायलाच हवा. घारापुरीतही ब्रह्मदेव कमळावरच आहेत.

मुंबईच्या दगडात फुलं पुन्हा दाटीने उमलली ती एकोणिसाव्या शतकात. 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेत होते. त्यात छतांवरची कमळं आणि वेलबुट्टीही होती. व्हीटी स्टेशन 1878 ते 1888 या काळात उभं राहिलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण पानाफुलांचं, पशुपक्ष्यांचं बरंचसं कोरीव काम जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं. या फुलांवर कुठल्या देवाचा भार नाही. आजूबाजूला जे उगवतं ते नीट पाहून कोरावं, एवढीच त्यांची निष्ठा. मला ती कमी मोलाची वाटत नाही.

फुलांचा अर्थ सर्वांत लांबून आला तो गारा साडीवर, म्हणजे पारशी बायकांच्या भरतकाम केलेल्या रेशमी साडीवर. पारशी व्यापारी चीनला कापूस आणि अफू नेत, येताना भरतकाम केलेलं रेशीम आणत. चीनमध्ये शेवंती म्हणजे दीर्घायुष्य, पिओनी म्हणजे वैभव. भरणाऱ्या चिनी कारागिराला हे सांगावं लागत नसे. फ्रान्समध्ये हीच शेवंती कबरीवर वाहतात, आपल्याकडे देवाला. मुंबईच्या पारशी घरांत चिनी अर्थ हळूहळू विरला, फुलं मात्र राहिली, आणि नक्ष्यांना घरगुती नावं पडली. गोल ठिपक्यांची नक्षी झाली ‘कांदा-पपेटा’, म्हणजे कांदा-बटाटा. जुना गारा उजेडात धरला तर एकेका पाकळीत दाट, बारीक टाके दिसतात आणि कडेला रंग फिका होत जातो. लग्नाला, नवजोतला (पारशी मुलांच्या धर्मदीक्षेला) तो अजूनही कपाटातून बाहेर निघतो, सासूकडून सुनेकडे जातो.