फ्रँकलिनचं रणांगण : आमच्या गाडीत बसण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलहून दक्षिणेला सुमारे वीस मैलांवर हार्पेथ नदीकाठी फ्रँकलिन नावाचं गाव आहे. आमची ही छोटी प्रवाससेवा तिथली एक दिवसाची सहल करते. आमच्याबरोबर येणारे बहुतेक जण इथे राहणारी मराठी कुटुंबं आणि भारतातून आलेले त्यांचे आई-वडील, सासू-सासरे असतात. गावाचा मुख्य रस्ता, विटांच्या जुन्या इमारती आणि दुकानं पाहून सगळे खूश होतात. पण आम्ही तुम्हाला तिथे नेतो ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका संध्याकाळसाठी, आणि त्या संध्याकाळची आठवण गावाने पुढे कशी जपली हे दाखवण्यासाठी. आधी थोडी माहिती असली तर दिवस सार्थकी लागतो. म्हणून हे पत्रक.

३० नोव्हेंबर १८६४

१८६०-६१ मध्ये दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली. त्यामागचं मुख्य कारण गुलामगिरी टिकवणं हे होतं. टेनेसीही फुटलं, पण १८६२ पासून फ्रँकलिनवर बहुतेक काळ उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या सैन्याचा ताबा होता. १८६४ च्या शरदात दक्षिणेचा सेनापती जॉन बेल हूड नॅशव्हिल परत जिंकायला निघाला. गेटिसबर्गच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला होता आणि चिकमॉगाला उजवा पाय गेला होता. २९ नोव्हेंबरच्या रात्री स्प्रिंग हिल या गावाजवळ त्याने उत्तरेच्या जनरल स्कोफील्डला जवळजवळ कोंडलं होतं. पण हूडचं सैन्य झोपलेलं असताना स्कोफील्डची अख्खी फौज शेजारच्या रस्त्यावरून निसटून गेली. हे घडलं कसं, यावर इथले लोक आजही तासन् तास वाद घालतात.

स्कोफील्ड पहाटे फ्रँकलिनला पोहोचला. नदीवरचे पूल सैन्य नेण्याजोगे नव्हते. ते दुरुस्त होईपर्यंत त्याच्या सैनिकांनी गावाच्या दक्षिणेला खंदक खणून मातीचे बांध घातले. दुपारी चारच्या सुमारास हूडने समोरून हल्ल्याचा हुकूम दिला. सुमारे वीस हजार सैनिक दोन मैल उघड्या माळावरून चालत गेले. दक्षिणेच्या बहुतेक तोफा मागेच राहिल्या होत्या. गेटिसबर्गच्या ज्या प्रसिद्ध चढाईबद्दल तुमच्या मुलांनी शाळेत वाचलं असेल, तिच्यात याहून कमी माणसं होती आणि त्यांना चालायचं अंतरही याच्या निम्मंच होतं.

साडेचारच्या आसपास सूर्य मावळला. पुढचं बरंचसं युद्ध अंधारात आणि बंदुकांच्या धुरात झालं. संगिनी, बंदुकांचे दस्ते, फावडी, हाताला येईल त्याने माणसं लढली. रात्री नऊपर्यंत सगळं थांबलं आणि मध्यरात्रीपर्यंत उत्तरेचं सैन्य नदी ओलांडून नॅशव्हिलकडे गेलं. पाच तासांत दक्षिणेचे सहा हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी किंवा कैद झाले, त्यांपैकी सुमारे १,७५० ठार. उत्तरेची एकूण हानी २,३०० च्या वर होती. दक्षिणेचे सहा जनरल या एका लढाईत गेले. पाच त्याच संध्याकाळी पडले, सहावा दहा दिवसांनी दगावला. उत्तरेच्या जखमींमध्ये आर्थर मॅकार्थर नावाचा एक तरुण अधिकारी होता. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल डग्लस मॅकार्थरचे ते वडील.

लष्करी डावपेचांबद्दल याहून जास्त आम्ही इथे लिहीत नाही. विन्स्टेड टेकडीवर उभं राहिलं की माळ, रस्ता आणि गाव एका नजरेत येतं आणि बाकीचं तिथे सांगता येतं. आपली पहिली थांबण्याची जागा तीच आहे.

कार्टरांचं तळघर

दुसरा थांबा कार्टर हाऊस. फाउंटन ब्रँच कार्टर या शेतकऱ्याने १८३० मध्ये बांधलेलं हे विटांचं घर लढाईच्या अगदी मधोमध सापडलं. उत्तरेच्या जनरल कॉक्सने सकाळीच ते आपलं ठाणं केलं होतं. गोळीबार सुरू झाल्यावर कार्टरांची लेकीसुना-नातवंडं, समोरच्या घरातलं लॉट्झ हे जर्मन सुताराचं कुटुंब आणि कार्टरांच्या घरी गुलामीत राबणारी काही माणसं, असे वीसहून अधिक जण तळघरात उतरले. वर पाच तास लढाई चालू होती. ते सगळे जिवंत बाहेर आले.

आमच्याबरोबर आलेली मंडळी याच तळघरात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात. जागा लहान आहे. आपल्या घरातली किती माणसं इथे मावली असती याचा हिशेब प्रत्येक जण मनात करतोच. अंगणात शेताच्या कचेरीची एक लाकडी इमारत आहे. तिच्या भिंतींत गोळ्यांची भोकं अजून तशीच आहेत. घर आणि आवारातल्या इमारती मिळून अशी भोकं हजाराच्या वर आहेत.

कार्टरांचा मुलगा टॉड दक्षिणेच्या सैन्यात कॅप्टन होता. काही वर्षं घरापासून दूर राहिलेला हा चोवीस वर्षांचा मुलगा त्या संध्याकाळी चढाईत होता आणि स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर कोसळला. रात्री घरच्यांनी त्याला शोधून आत आणलं. २ डिसेंबरला त्याच घरात त्याचा मृत्यू झाला. गावात ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात आणि ती खरीच हृदयद्रावक आहे. आम्हीही ती सांगतो. पण तळघरातल्या ज्या माणसांना त्या घरात स्वतःचं काहीच नव्हतं, त्यांच्याबद्दलही मार्गदर्शकाला जरूर विचारा. तिथले मार्गदर्शक मनापासून उत्तर देतात.

कापूस

विदर्भ-खानदेशातून आलेल्या मंडळींना पुढची जागा आम्ही आवर्जून दाखवतो. कार्टरांच्या घराच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे त्यांचं जिन होतं, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. लढाईतली सगळ्यात भीषण कत्तल या जिनच्या आसपास झाली. दक्षिणेचे जनरल क्लेबर्न आणि जनरल ॲडम्स इथेच पडले. मूळ इमारत केव्हाच गेली.

दक्षिणेची बरीचशी संपत्ती कापसावर उभी होती आणि तो कापूस गुलामांच्या हातून वेचला जात होता. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, तशा मँचेस्टरच्या गिरण्या ओस पडल्या आणि ब्रिटिश व्यापारी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला, मुंबईत पैशांचा पूर लोटला, शेअरचा सट्टा भडकला आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या वसंतात इथलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईतले बडे बडे सावकार बुडाले. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद याच तेजी-मंदीतले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शिवारातल्या बोंडाचा भाव ज्या युद्धाने ठरवला, त्या युद्धातल्या एका जिनच्या जागेवर आपण उभे असतो. हे सांगितल्यावर गाडीतले वडीलधारे बोलू लागतात. यवतमाळच्या, जळगावच्या, अकोल्याच्या आठवणी निघतात. तो वेळ आम्ही मुद्दाम राखून ठेवलेला आहे.

ही जागाही मधल्या काळात गावाने जवळजवळ हरवली होती. रणांगणावर घरं, दुकानं, रस्ते झाले आणि क्लेबर्न जिथे पडला त्या भागात पिझ्झाचं एक रेस्तराँ उभं राहिलं. २००५ मध्ये ते पाडलं गेलं. त्याच सुमाराला पूर्वेकडच्या भागातलं सुमारे ११० एकरांचं गोल्फचं मैदान ५० लाख डॉलरला विकत घेतलं गेलं आणि त्याचं उद्यान झालं. निम्मा पैसा नगरपालिकेचा, निम्मा देणग्यांचा. बांधलेल्या इमारती पाडून रणांगण पुन्हा मोकळं करणारं गाव जगात विरळाच.

कार्नटन आणि दफनभूमी

जेवणानंतर आपण कार्नटनला जातो. मॅकगॅव्हॉक कुटुंबाची ही मोठी हवेली त्या रात्री इस्पितळ झाली. वरच्या खोल्यांमधल्या लाकडी जमिनीवर रक्ताचे डाग अजून दिसतात. मागच्या ओसरीवर चार मृत जनरल ओळीने ठेवले होते. लहान मुलांना वर न्यायचं की नाही, हे पालकांनी ठरवावं. आम्ही आग्रह करणार नाही.

सैनिकांना आधी जिथे पडले तिथेच उथळ पुरलं होतं. दीड वर्षात लाकडी खुणा कुजू लागल्या, सरपणासाठी चोरीला जाऊ लागल्या, आणि शेतं पुन्हा नांगरायची वेळ आली. तेव्हा जॉन मॅकगॅव्हॉक यांनी घराशेजारची दोन एकर जमीन दिली आणि १८६६ मध्ये जवळजवळ दीड हजार देह तिथे हलवले. एका देहामागे पाच डॉलर मजुरी होती. राज्यवार ओळी लावल्या आणि ज्यांची नावं कळली त्यांची नोंद एका वहीत केली. जॉन यांच्या पत्नी कॅरी मॅकगॅव्हॉक यांनी ती वही आयुष्यभर सांभाळली. नात्यातलं कुणी दूरवरून शोधत आलं की त्या वही उघडून कबर दाखवत. हे सगळे दक्षिणेचे सैनिक. उत्तरेच्या मृतांना मर्फ्रीसबरोजवळच्या स्टोन्स रिव्हरच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेलं.

या हवेलीतली आणखी एक स्त्री आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मरायाह रेडिक. कॅरीच्या लग्नात लुइझियानाहून तिला आंदण म्हणून देण्यात आलं होतं. माणूस आंदण दिला जात होता, हे वाक्य आम्ही प्रत्येक सहलीत मुद्दाम सावकाश उच्चारतो. गुलामगिरी संपल्यावर मरायाह फ्रँकलिनमध्येच राहिली, तिने सुईणपण केलं आणि १९२२ साली तिचा मृत्यू झाला. अनेक दशकं या गावाची गोष्ट जनरल आणि हवेल्यांचीच होती. मरायाहचं नाव त्या गोष्टीत फार उशिरा आलं.

चौकातले दोन पुतळे

शेवटी गावचा चौक. मधोमध उंच खांबावर दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा आहे. तो ३० नोव्हेंबर १८९९ ला, लढाईच्या ३५ व्या स्मृतिदिनी उभारला. बाजूला जुनं कोर्ट. याच चौकाच्या परिसरात कधीकाळी माणसांची विक्री होत असे. पण २०१९ पर्यंत चौकात तसं सांगणारी एकही पाटी नव्हती. त्या वर्षी गावातल्या तीन पाद्र्यांच्या आणि एका इतिहासकाराच्या पुढाकाराने पाच फलक लागले. गुलामांचा बाजार, १८६७ ची दंगल, युद्धानंतरचा काळ, कृष्णवर्णीय सैनिक, सगळं त्यांवर आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात जुन्या कोर्टासमोर उत्तरेच्या कृष्णवर्णीय सैनिकाचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. गुलामीतून सुटून सैन्यात भरती झालेल्यांचं ते स्मारक. फ्रँकलिननंतर दोनच आठवड्यांनी, १५ आणि १६ डिसेंबरला नॅशव्हिलमध्ये हूडचं सैन्य मोडलं, तेव्हा या पलटणींनी मोठी किंमत मोजली.

या पुतळ्यापाशी आम्ही जोतीराव फुल्यांचं नाव घेतो. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण करून. पुण्यात बसून त्यांनी या युद्धाचा अर्थ ओळखला होता. आणि या चौकात तो अर्थ फलकावर यायला युद्धानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली. मराठी माणसाने इथे येऊन फक्त जनरलांची नावं ऐकून परत जावं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून आमची सहल इतरांपेक्षा तासभर लांबते.

येताना

कार्टर हाऊस आणि कार्नटन ही दोन्ही घरं तिथल्या मार्गदर्शकाबरोबरच पाहावी लागतात. त्यांची तिकिटं आम्ही आधी काढून ठेवतो. लॉट्झ हाऊसचं तिकीट वेगळं आहे, हवं असेल तर नोंदणी करतानाच सांगा. दफनभूमीला तिकीट नाही. तळघरात आणि वरच्या मजल्यावर जायला जिने आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा, म्हणजे त्या वेळेपुरती सावलीत बसायची सोय पाहून ठेवू. जून ते ऑगस्ट ऊन आणि दमटपणा दोन्ही कडक असतात. टोपी, पाण्याची बाटली आणि पूर्ण बंद बूट हवेत. गवतात गोचिडी असतात, म्हणून पाय झाकणारे कपडे घाला. घरात फोटो काढण्याआधी विचारा. रणांगणावर गोळी, बटण, काहीही सापडलं तरी उचलू नका.

३० नोव्हेंबरच्या सुमाराला रणांगणावर सुमारे दहा हजार दिवे लावतात, लढाईतल्या हानीची आठवण म्हणून. त्या संध्याकाळची सहल हवी असेल तर सप्टेंबरातच सांगा, कारण आमच्या गाडीत बारा जागा आहेत. जेवण शाकाहारी असतं आणि बरोबर डब्यातूनच नेतो. उपासाचं किंवा जैन जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी कळवा.