टाइम आउट केव्हा मागता येतो?

लातूरमधील एका शालेय बास्केटबॉल सामन्यात, उन्हाने तापलेल्या सिमेंटच्या कोर्टवर, दोन बचावपटूंनी कोपऱ्यात कोंडलेल्या एका मुलीने चेंडू काखेत दाबून हातांनी टाइम आउटची, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याची, खूण केली. पंचांनी लक्ष दिले नाही, कोंडलेल्या खेळाडूला चेंडू हाती धरून ठेवायला असलेली पाच सेकंदांची मुदत उलटली आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळाला. कडेला बसलेल्या पालकांना हा अन्याय वाटला. नियम मात्र तसाच आहे.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनुसार टाइम आउट खेळाडूला मागता येत नाही. तो हक्क केवळ मुख्य प्रशिक्षक आणि पहिले साहाय्यक प्रशिक्षक यांचा असून, मागणी पंचांकडे नव्हे, तर गुणलेखकाच्या टेबलाकडे करायची असते. मागणी आधी नोंदवता येते, पण संधी आल्याशिवाय ती मंजूर होत नाही. चेंडू मृत झाला, म्हणजे खेळाबाहेर गेला, घड्याळ थांबले आणि पंचांचे टेबलाशी बोलणे संपले, की ही संधी दोन्ही संघांना मिळते. शेवटचा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, यशस्वी झाल्यावरही ती दोघांना असते. मैदानी, म्हणजे खेळ चालू असताना केलेली, बास्केट झाल्यावर मात्र ती फक्त गुण गमावलेल्या संघाला मिळते, आणि हे मला अत्यंत न्याय्य वाटते, कारण गुण मिळवणाऱ्याने स्वतःच खेळ थांबवून प्रतिस्पर्ध्याचा झटपट प्रतिहल्ला रोखावा, हे खेळाच्या वेगाला मारक ठरेल. थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्यासाठी, किंवा पहिल्या फ्री थ्रोसाठी चेंडू खेळाडूच्या स्वाधीन झाला, की संधी संपते.

म्हणजे त्या मुलीच्या हातात चेंडू जिवंत असेपर्यंत तिच्या प्रशिक्षकांनाही टाइम आउट मिळाला नसता; तो मिळू शकत होता नियमभंगाची शिटी वाजल्यावर, चेंडू हातचा गेल्यानंतर.

पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन आणि प्रत्येक जादा डावात एक, असे हे टाइम आउट असतात. उरलेले पुढे नेता येत नाहीत. उत्तरार्धातील तिन्ही अखेरच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवता येत नाहीत, तेथे जास्तीत जास्त दोनच घेता येतात. प्रत्येकाची मुदत एक मिनिट असते. जोरदार धावेला तत्काळ ऊर्जा पुरवणारे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन पूर्ण भरून यायला काही मिनिटे लागतात, परंतु त्याचा बराच भाग पहिल्या मिनिटातच परत येतो. मराठवाड्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात पाण्याचे दोन घोट घेण्यासाठीही ते मिनिट मोलाचे असते.

उत्तरार्धात त्या मुलीचे प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू जाळीतून खाली येण्याआधीच, मागणी नोंदवून टेबलापाशी उभे होते. बास्केट होताच घड्याळ थांबले आणि टेबलावरचा भोंगा वाजला.