एड्रियाटिक समुद्र आणि ऑस्ट्रियन लॉइड

इटली आणि बाल्कन द्वीपकल्प यांच्यामध्ये सुमारे ८०० किमी. आत शिरलेल्या एड्रियाटिक समुद्रावर ऐंशीहून अधिक वर्षे वर्चस्व गाजवणारी जहाज कंपनी म्हणजे ऑस्ट्रियन लॉइड. मुख्यालय समुद्राच्या उत्तर टोकाला, ट्रिएस्ट येथे.

ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातील सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१९ मध्ये ट्रिएस्टला मुक्त बंदर केले. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हेनिस व डाल्मेशिया (एड्रियाटिकचा पूर्व किनारा) हेही हॅब्सबर्ग राजवटीकडे आले. या मुख्यतः भूवेष्टित साम्राज्याला समुद्राकडे नेणारी मोठी वाट एड्रियाटिकचीच होती. १८३३ मध्ये ट्रिएस्टच्या विमा व्यावसायिकांनी लॉइड ही संस्था काढली. पुढे ऑस्ट्रियाचा व्यापारमंत्री व अर्थमंत्री झालेला कार्ल लुडविग फॉन ब्रुक तिच्या संस्थापकांपैकी एक. १८३६ मध्ये तिला आगबोटींची शाखा जोडली गेली आणि दुसऱ्याच वर्षी ‘आर्चिदुका लोदोविको’ ही बोट कॉन्स्टँटिनोपलला निघाली. लेव्हंटमधील (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील) अनेक बंदरांत लॉइडच्या पेढ्याच ऑस्ट्रियाची टपाल कचेरी म्हणून काम पाहत.

दूरच्या मार्गांनी कंपनीला नाव मिळवून दिले, पण तिचे खरे मोल डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर कळते. तिथे दिनारिक आल्प्सच्या रांगा थेट पाण्याला भिडतात. व्हिएन्ना-ट्रिएस्ट लोहमार्ग १८५७ मध्ये पूर्ण झाला. स्प्लिट मात्र झाग्रेबशी रेल्वेने जोडले गेले ते १९२५ मध्ये, साम्राज्य लयाला गेल्यावर. साम्राज्याच्या काळात झादर, स्प्लिट, दुब्रोव्निक, कोटोर या गावांची डाक, माल, शिपाई आणि सरकारी अंमलदार बहुतांशी लॉइडच्या बोटींनी ये-जा करीत. या किनाऱ्याची रेल्वे म्हणजे ही कंपनीच होती. हिवाळ्यात ईशान्येकडून कोसळणारा ‘बोरा’ वारा मात्र भल्याभल्या कप्तानांची परीक्षा पाही.

ट्रिएस्ट-कोटोर या जलद मार्गावरील ‘बॅरन गाउच’ १३ ऑगस्ट १९१४ रोजी रोविन्यजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. सुरुंग ऑस्ट्रियाच्याच आरमाराने नुकतेच पेरले होते. सुमारे दीडशे जीव गेले आणि त्यांत स्त्रिया-मुले बरीच होती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच झालेला हा घात शत्रूच्या हातून झालेला नव्हता, म्हणून तो अधिकच जिव्हारी लागतो.

महायुद्धानंतर ट्रिएस्ट इटलीकडे गेले आणि कंपनी ‘लॉइड ट्रिएस्टिनो’ झाली. सुएझ कालवा खुला झाल्यानंतर सुरू झालेली मुंबईची वाहतूक तिने पुढे चालवली. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी १४ डिसेंबर १९३१ रोजी एड्रियाटिकच्या तोंडाशी असलेल्या ब्रिंडिसीहून तिच्याच ‘पिल्स्ना’ बोटीत बसले आणि २८ डिसेंबरला मुंबईस उतरले.

१९९८ मध्ये तैवानच्या एव्हरग्रीन समूहाने कंपनी विकत घेतली. २००६ पासून तिचे नाव ‘इटालिया मारिट्टिमा’ आहे. वास्तुविशारद हाइनरिख फॉन फेर्स्टेलने बांधलेल्या तिच्या ट्रिएस्टमधील प्रासादात आता प्रादेशिक सरकारचे कार्यालय आहे.