सह्याद्रीचं जंगल आणि 'इको सेन्सिटिव्ह'चा गुंता : थोडी पार्श्वभूमी

देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान) म्हणजे काय, भीमाशंकरला शेकरू (मोठी खार) कुठे दिसतं हे पुणेकरांना सांगत बसत नाही. जुना इतिहासही पटकन उरकतो. देवाच्या धाकाने गावांनी राया राखल्या, मग १८७८ च्या कायद्याने 'राखीव जंगल' आलं आणि लाकूडफाटा आणणारा माणूस आपल्याच रानात चोर ठरला, १९७० च्या दशकात पुण्यातल्या अभ्यासकांनी देवराया पायी फिरून नोंदवल्या, १९८५ ला भीमाशंकर अभयारण्य झालं. एवढं पुरे.

पश्चिम घाट वाचवण्याच्या नियमांचा खरा घोळ २०११ नंतरचा, आणि माझ्या मते तो निम्मा शब्दांचा आहे.

'इको सेन्सिटिव्ह' हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात. एक, अभयारण्याच्या कडेचा पट्टा, म्हणजे झोन. जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तो किमान एक किलोमीटर हवा म्हटलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ते सरसकट बंधन सैल केलं, ते प्रकरण हेच. दोन, १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली जाहीर होणारा एरिया, म्हणजे अख्खा संवेदनशील प्रदेश, जसं महाबळेश्वर-पाचगणी २००१ ला झालं, माथेरान २००३ ला. आणि तीन, माधव गाडगीळ समितीचा २०११ चा तो गाजलेला अहवाल, ज्यात अख्खा पश्चिम घाट एरिया धरून त्याच्या पोटात पुन्हा झोन १, २, ३ पाडले, कडक ते सौम्य. म्हणजे झोन अभयारण्याच्या बाहेर पण, एरियाच्या आत पण! मराठी बातम्यांत तिन्हीला 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' असंच छापून आलं, मग गावात "आता घराचं छप्पर बदलायलाही परवानगी लागणार", "जमीन विकता येणार नाही" अशा वावड्या उठल्या तर दोष कोणाला द्यायचा? हा एरिया जाहीर करण्यासाठी केंद्र सरकारने नंतर काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यांत बंदी मुख्यतः खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे कारखाने आणि २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांच्यावर आहे. शेती आणि साध्या घरावर नाही. पण हे वाड्यावस्त्यांवर जाऊन सांगणार कोण, आणि न सांगण्यात कोणाचा फायदा होता ते उघड आहे.

२०११ च्या अहवालाने साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन आखले होते आणि शेवटच्या हद्दी ग्रामसभांना विचारून ठरवा म्हटलं होतं. तो अहवाल महिनोन्‌महिने दाबून ठेवला, माहिती अधिकार आणि कोर्ट करत २०१२ ला बाहेर आला, लगेच दुसरी, कस्तुरीरंगन समिती. २०१३ च्या तिच्या अहवालात सॅटेलाइटची चित्रं आली, चित्रातला एक ठिपका २४ मीटरचा, म्हणजे जमिनीवर पावणेसहा गुंठे. त्यातून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग निवडला आणि ज्या गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग त्यात येतो ते पूर्ण गाव यादीत. तंत्र म्हणून काम चांगलंच होतं, नाही कशाला म्हणा. पण रानातला हिरडा (औषधी फळ) गोळा करून चार पैसे कमावणाऱ्या माणसाला आपलं गाव यादीत आहे हे पेपरातून कळलं, तिथे सगळं बिनसलं.

पुढे मसुद्यांवर मसुदे, २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२. दरम्यान ३० जुलै २०१४ ला आपल्याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला, दीडशेवर माणसं गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला तसंच भूस्खलन. दुसऱ्या दिवशीची तारीख घालून सहावा मसुदा निघाला, एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० च्या आसपास. (तारखांचा हा योगायोग मला तरी पचत नाही.)

तेवढ्यात तंत्र पुढे गेलं. २०१५ पासून सॅटेलाइटची १० मीटरच्या ठिपक्याची चित्रं फुकट मिळतात, म्हणजे जवळपास एक गुंठा, छोटी राईसुद्धा ओळखू येते. फक्त ऐन पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगच दिसतात. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे गावाला जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करता येतो, त्याच्या नकाशासाठी गावकरी स्वतः हद्द चालतात, पुढे जीपीएस धरलेला पोरगा आणि मागून "आरं तो दगड न्हाई, वरचा" म्हणणारे आजोबा.